बचावपटू कुठे पिकतो

४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर भारत आणि कुवेत यांच्यात सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना स्पर्धेत लाल कार्ड मिळालेलं असल्यामुळे मैदानाच्या कडेला उभं राहायला बंदी होती. त्यांच्या जागी संघाची सूत्रं सांभाळत होता सहायक प्रशिक्षक महेश गवळी. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताने शूटआउटमध्ये ५-४ अशी बाजी मारली. नंतर बोलबाला झाला तो सुनील छेत्रीचा आणि शेवटची पेनल्टी अडवणाऱ्या गुरप्रीतसिंग संधूचा. कडेला उभा असलेला हा माणूस १९९९ पासून पुढे दशकभर भारताच्या मागच्या फळीत खेळला होता, हे किती प्रेक्षकांना आठवलं असेल, शंका आहे. यात नवल काही नाही. गोल करणाऱ्याची नोंद होते, न झालेल्या गोलांची होत नाही. मात्र एखाद्या प्रदेशातल्या खेळाचा इतिहास तपासायचा असेल तर आघाडीपटूपेक्षा बचावपटूची कारकीर्द जास्त उपयोगी पडते. आघाडीपटू कधीकधी आभाळातून पडल्यासारखा येतो. बचावपटू तसा येत नाही. त्याच्यामागे काय काय उभं होतं, ते त्याच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतं.

गवळी गोव्याचा. आता तिथून खानदेशाकडे वळू. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यानचं, सूरत-भुसावळ लोहमार्गाच्या टापूतलं रनाळे हे खानदेशातलं एक जुनं, नांदतं गाव. रनाळ्यातून, किंवा जरा व्यापक बोलायचं तर साऱ्या नंदुरबार जिल्ह्यातून, गवळीसारखा बचावपटू का निघाला नाही, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. विचारलाच तर उत्तरं तयार असतात. आमच्याकडे क्रिकेटनं सगळं खाल्लं. मैदानं नाहीत. पैसा नाही. गोव्यात फिरंग्यांनी खेळ रुजवला, आमच्याकडे कोण होतं? यातल्या प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य आहे, आणि मुद्द्याचं उत्तर यांपैकी एकही नाही. माझं म्हणणं असं की बचावपटू साखळी स्पर्धेत तयार होतो. त्याच प्रतिस्पर्ध्यांशी, त्याच सोबत्यांना घेऊन, वर्षानुवर्षं, ठरल्या दिवशी खेळण्याची सोय जिथे होती तिथे तो निघाला. जिथे फक्त बाद पद्धतीचे चषक होते तिथे आघाडीपटू निघाले, गोलरक्षकही निघाले, पण मागची फळी निघाली नाही.

हे का, ते समजायला मागच्या फळीचं काम जरा जवळून पाहावं लागतं. प्रतिस्पर्ध्याचा मधल्या फळीतला खेळाडू मान वर करून चेंडू पुढे टाकायच्या बेतात आहे. त्याचा पाय चेंडूला लागण्याआधीच्या क्षणी चार बचावपटूंनी एकदम एक पाऊल पुढे यायचं असतं, म्हणजे त्यांच्या मागे घुसलेला आघाडीपटू ऑफसाइड ठरतो. तिघे पुढे आले आणि चौथा जागीच राहिला तर सगळं मुसळ केरात, कारण त्या एकट्यामुळे आघाडीपटू ऑनसाइड राहतो आणि त्याच्यासमोर उरतो फक्त गोलरक्षक. हे पाऊल कधी टाकायचं, ते शिट्टी वाजवून कोणी सांगत नाही. मधल्या दोन बचावपटूंपैकी, म्हणजे स्टॉपरपैकी, एकजण ओरडतो, हात वर करतो, पण बाकीच्यांना तो ओरडण्याच्या आतच कळलेलं असावं लागतं. हे कळणं त्याच माणसांसोबत पन्नास-साठ सामने काढल्यावर येतं. दुसरी गोष्ट अशी की समोरचा आघाडीपटू डावीकडे झुकून उजवीकडे निघतो की उजवीकडे झुकून डावीकडे, हे पहिल्या भेटीत फसल्यावरच कळतं. साखळीत तो दोन-तीन महिन्यांनी परत भेटतो आणि शिकलेलं वापरायला मिळतं. बाद पद्धतीत पहिल्या चुकीनंतर संघ घरी जातो आणि शिकलेलं वाया जातं. आघाडीपटूचं गणित नेमकं उलटं आहे. त्याने नव्वद मिनिटांत आठ संधी घालवल्या आणि नवव्या वेळी चेंडू जाळ्यात मारला तरी तो नायक ठरतो. एका दुपारी त्याचं नशीब उजळू शकतं.

भारतातल्या फुटबॉलचा इतिहास या नजरेनं वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. आपल्या जुन्या, मानाच्या स्पर्धा बहुतेक सगळ्या चषकाच्या. ड्युरँड १८८८ मध्ये सुरू झाली, मुंबईतला रोव्हर्स चषक १८९१ मध्ये, आयएफए शील्ड १८९३ मध्ये, संतोष चषक १९४१ मध्ये, फेडरेशन चषक १९७७ मध्ये. काहींमध्ये सुरुवातीला गट असत, पण सगळा मामला दोन-तीन आठवड्यांत आटोपायचा. देशभराची पहिली खरी साखळी, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, सुरू झाली ती १९९६ मध्ये, ड्युरँडनंतर १०८ वर्षांनी. यावर वाचक लगेच अडवील की १९९६ च्या आधी भारतात बचावपटू नव्हते की काय? होते, आणि जबरदस्त होते. गोष्ठ पाल, १९५१ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचा कर्णधार शैलेन मन्ना, १९६२ च्या जकार्ता सुवर्णपदकाचे मानकरी जर्नेलसिंग आणि अरुण घोष. पण या चौघांना जोडणारा धागा कोलकात्यात आहे. कलकत्ता लीग १८९८ पासून चालू होती आणि हे चौघेही तिच्यात वर्षानुवर्षं खेळले. जर्नेलसिंग तर पंजाबचा गडी. अंगची ताकद त्याने पंजाबातून आणली असेल, पण स्टॉपर म्हणून त्याचं नाव झालं ते मोहन बागानच्या जर्सीत. राष्ट्रीय साखळी नव्हती तेव्हा एका शहराच्या साखळीने देशाला मागची फळी पुरवली.

मुंबईलाही स्वतःची साखळी होती. हारवुड लीग विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून चालू होती आणि पुढे गिरण्यांचे, बँकांचे, कंपन्यांचे संघ तिच्यात सामील झाले. इथे एक क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या मुद्द्याला तो लागतो. रोव्हर्स चषक सुरू झाला तो गोऱ्या पलटणींसाठी. भारतीय संघाला तो जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही जिंकला तो बेंगलोर मुस्लिम्स, मुंबईचा कोणी नाही. म्हणजे आधी खेळणारे प्रतिस्पर्धी होते, ठरलेलं वेळापत्रक होतं, मैदान होतं. गिरणीमालकांचा पैसा त्यानंतर आला.

आता गवळीची कारकीर्द पाहू. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ मध्ये सुरू झाली. गवळी तिथे शिकला आणि ज्या काळात बाहेर पडला तो काळ त्याच्या पथ्यावर पडला, कारण राष्ट्रीय साखळी नुकती कुठे रुळत होती. ईस्ट बंगालकडून तो कोलकात्यात खेळला. २००३ मध्ये सुभाष भौमिक यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात थायलंडच्या बेक तेरो सासनाला ३-१ असं हरवून. त्या संघात गवळी होता. मग तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे आला. २००५-०६ ची नॅशनल लीग महिंद्राने जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते डेरिक परेरा, स्वतः भारताकडून स्टॉपर म्हणून खेळलेले गोंयकार. त्यानंतर डेंपो. आर्मांडो कुलासो यांच्या या संघाने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. डेंपोची मागची फळी म्हटली की गवळीच्या बरोबरीने समीर नाईकचं नाव निघतं. नाईक डेंपोतच मुरला आणि पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. २००७ मध्ये बॉब हाउटन यांच्या भारतीय संघाने सीरियाला १-० असं हरवून नेहरू चषक जिंकला, त्या संघात हे दोघेही होते. भारताने तो अंतिम सामना एकाच गोलावर जिंकला, म्हणजे मागे एकही गोल खाल्ला नाही म्हणून जिंकला. दोन मोठ्या शहरांचे आणि एका छोट्या राज्याचे क्लब, सगळे एकाच साखळीतले, आणि हंगामाला वीसच्या आसपास सामने: या शाळेत गवळी शिकला. त्याच्या आधीच्या पिढीतल्या गोव्याच्या कोणत्याही बचावपटूला घरच्या मैदानापासून कोलकात्यापर्यंत दरवर्षी इतके सामने मिळाले नव्हते.

इथे गोव्याचाच दाखला माझ्याविरुद्ध वापरता येईल. गोव्याने १९८३-८४ चा संतोष चषक एकही गोल न खाता जिंकला, ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली. चषकाची स्पर्धा, राष्ट्रीय साखळीला अजून बारा वर्षं अवकाश, आणि तरी अभेद्य बचाव. मग साखळीचा सिद्धांत कुठे गेला? माझं उत्तर असं की गोव्याची स्वतःची साखळी पोर्तुगीज अमदानीतच सुरू झाली होती. साळगावकर, डेंपो, वास्को, सेझा हे संघ वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखून होते. संतोष चषकाला गोव्याचा म्हणून जो संघ गेला, तो एरवी आठवड्यागणिक एकमेकांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांचा होता. आणि हे जाळं क्लबांच्याही खाली, गावापर्यंत पोचलं होतं. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्र्याने १८८३ मध्ये शिवोली गावात हा खेळ आणला, असं गोव्यातला इतिहास सांगतो. या हकिगतीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की खेळ गावात आला. तिथून तो शेजारच्या गावात गेला, वाड्यावाड्यांत गेला, आणि कापणी झालेल्या शेतात एका गावाने दुसऱ्या गावाला आव्हान द्यायची रीत पडली. शेजारचं गाव दरवर्षी तिथेच असतं आणि हरल्यावर ते पुन्हा अंगावर येतं. कागदावर नसली तरी ती साखळीच होती.

खानदेशात असं का झालं नाही, याचं उत्तर पैशात शोधणाऱ्यांना अमळनेर दाखवावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रतापशेठजींनी तिथे कापडगिरणी काढली. कापसाच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, पुढे कॉलेज उभं राहिलं. जळगाव आणि धुळे इथेही गिरण्या होत्या. पश्चिम खानदेशात कापूस होता, नंदुरबारच्या मिरचीचा बाजार होता, आणि सूरतेकडून येणारी रेल्वे १९०० च्या सुमारास नंदुरबारवरून अमळनेरकडे गेली होती. म्हणजे पैसा होता, दळणवळण होतं. नव्हता तो प्रतिस्पर्धी. मुंबईत गिरण्यांनी संघ काढले ते आधीच चाललेल्या खेळात उतरण्यासाठी. अमळनेरच्या गिरणीने संघ काढला असता तर तो दर शनिवारी कोणाशी खेळला असता? भुसावळला रेल्वेची मोठी वसाहत होती खरी, पण नंदुरबारहून भुसावळ दीडशे किलोमीटरच्याही पुढे. पलटणी म्हणाल तर जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये उभी केलेली भिल्ल कोअर ही खानदेशाची ओळख. तिचं काम सातपुड्यातल्या बंडाळीशी निगडित, आणि ती उभी राहिली तेव्हा फुटबॉलचे लिखित नियमच जन्मायचे होते. ते लंडनला १८६३ मध्ये झाले. खानदेशाला गोऱ्या शिपायांची ती गर्दी लाभली नाही जिच्यातून मुंबईत, बंगळुरात, कोलकात्यात पहिले प्रतिस्पर्धी मिळाले. वसाहतीचं हे लेणं मिळालं नाही म्हणून हळहळायचं कारण नाही, पण खेळाच्या भूगोलात त्याचा हिशेब धरावाच लागतो.

मग पलटणीशिवाय, पाद्र्याशिवाय साखळी उभीच राहत नाही का? कोल्हापूर याचं उत्तर आहे, आणि मराठी वाचकाला ते जवळचं आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावं बाहेरच्याला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील, आणि मुळात त्यांतली बरीच तशीच होती. तालमीने पेठेतली पोरं एकत्र आणली होती, त्यांना शिस्त लावली होती, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या पेठेशी असलेली चुरस पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. फुटबॉल आला तो या तयार भांड्यात ओतला गेला. आज शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ भिडतात तेव्हा हजारोंनी लोक जमतात, वाद होतात, क्वचित हाणामाऱ्याही होतात, ज्याचं कौतुक करण्यात मला रस नाही. पण शाहू स्टेडियमवर जमलेल्या त्या गर्दीत कंपनीचा मालक कुठेच दिसत नाही, हे मात्र नजरेत भरतं. पायी जाता येईल इतक्या अंतरावर आठ-दहा प्रतिस्पर्धी, एक मैदान आणि एक वेळापत्रक एवढ्यावर तो खेळ टिकला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो आघाडीपटू आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोल्हापूरची साखळी राष्ट्रीय साखळीला नीट जोडलेली नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच तिथल्या मागच्या फळीतल्या पोरांना बाहेरच्या संघांची दारं उशिरा उघडतात. आघाडीपटू एका सामन्यात नजरेत भरतो, बचावपटूला पारखायला हंगाम पाहणारा माणूस लागतो.

वस्तीचा आकार हा आणखी एक आक्षेप. कोल्हापूर शहर आहे, गोवा दाट वस्तीचा आहे, रनाळ्यासारख्या गावाने काय करायचं? यासाठी जरा दूर, झेक प्रजासत्ताकात जाऊ. झेक संघाची ख्याती जुनी. १९३४ आणि १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकिया विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात होता, १९७६ मध्ये युरोपचा विजेता झाला. त्या परंपरेतला अलीकडचा निवृत्त बचावपटू टोमाश उइफालुशी. जन्म १९७८ चा, रीमारझोव्ह नावाच्या डोंगरातल्या गावातला. गावाची वस्ती आठेक हजार. ओलोमोउत्स शहराच्या सिग्मा क्लबमध्ये तो घडला, तिथून हॅम्बुर्ग, फिओरेंटिना, अॅटलेटिको माद्रिद, गॅलातासराय, आणि शेवटी मायदेशी स्पार्टा प्राग. देशाकडून ७८ सामने. २००४ च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या संघात तो होता, २०१० मध्ये अॅटलेटिकोने युरोपा लीग जिंकली तेव्हाही होता. त्याच वर्षी लिओनेल मेस्सीच्या घोट्यावर घातलेल्या टॅकलमुळे जगभर शिव्याही खाल्ल्या. बचावपटूचं नाव बहुधा असंच होतं. पुढे तो स्पार्टाचा क्रीडा संचालक झाला. आठ हजारांच्या गावातला मुलगा माद्रिदपर्यंत जातो यात चमत्कार नाही. झेक देशात राष्ट्रीय साखळीच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत प्रांताची साखळी, तिच्याखाली जिल्ह्याची, तिच्याखाली आणखी एक-दोन अशी उतरंड आहे. अगदी खेड्याचा संघही शनिवार-रविवारी शेजारच्या खेड्याशी खेळतो, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. हरला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतो. सोकोल या व्यायाम चळवळीने १८६२ पासून गावोगाव व्यायामशाळा बांधल्या होत्या. आपल्याकडच्या तालमींशी तिचं नातं जुळवायचा मोह होतो, पण दोन्हींत फरक आहे. सोकोलच्या शाखा देशभर एका धाग्यात ओवलेल्या होत्या, आपले आखाडे आपापल्या गावात बलदंड आणि एकेकटे राहिले. खानदेशातही गावोगाव आखाडे होते, आहेत. त्यांच्यात कुस्तीचा फड होतो तो जत्रेला, वर्षातून एकदा.

युरोपचं उदाहरण कोणाला नको असेल तर मिझोराम घ्यावं. मिझोराम प्रीमियर लीग २०१२ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांत, २०१६-१७ च्या हंगामात, ऐझॉल एफसीने आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय साखळी, जिंकली. डोंगराळ राज्य, मोठे उद्योग नाहीत, मैदानासाठी सपाट जमीन मिळायची मारामार. जन्मजात गुणवत्तेचा मुद्दा काढणारे म्हणतील की तिकडची मुलंच चपळ. चपळ असतील, पण ती २०१२ च्या आधीही तितकीच चपळ होती. सातपुड्याच्या उतारावरची पावरा आणि भिल्ल मुलं धावण्यात कोणाला हार जातील असं वाटत नाही.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप आकड्याचा आहे. राष्ट्रीय साखळी पंधरा वर्षं चालल्यानंतर भारत २०११ च्या आशियाई चषकात उतरला, १९८४ नंतर पहिल्यांदाच. ऑस्ट्रेलियाने चार गोल केले, बहरीनने पाच, दक्षिण कोरियाने चार. तीन सामन्यांत तेरा. साखळीने बचावपटू घडत असतील तर हे काय? १९८४ मध्ये तर राष्ट्रीय साखळी नसताना भारताने इराणला ०-० असं रोखलं होतं. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. साखळीतून बचावपटू निघतो, पण साखळीत समोर येतात त्या आघाडीपटूंच्या तोडीचाच निघतो. भारतीय साखळीत जे समोर येत होते आणि ऑस्ट्रेलियाकडून जे आले, त्यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक होता. १९८४ च्या संघाने इराणला रोखलं खरं, पण बाकी तीन सामन्यांत सात गोल खाल्ले आणि एकही केला नाही. एका सामन्यात खिंड लढवता येते. गुणवत्तेची पातळी मोजायची तर हंगाम लागतो, आणि पातळी वाढवायची तर साखळी अधिक कडक करावी लागते, मोडीत काढून चालत नाही.

मोडीत निघणं मात्र आपल्याकडे सवयीचं झालं आहे. गिरण्या गेल्या तसे मुंबईतले गिरण्यांचे संघ गेले. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले, कारण नव्या रचनेत त्यांना वरची पायरी नाकारली जाणार होती. पैशाचा मुद्दा मी आधी बाजूला सारला तो इथे परत येतो, आणि त्याची खरी जागा इथेच आहे. पैसा साखळी टिकवतो. बचावपटू घडवणं त्याला जमत नाही. महिंद्राने ज्या मागच्या फळीच्या जोरावर २००५-०६ जिंकलं तिच्यातले गवळीसारखे मोहरे कोलकात्यात आधीच तयार झालेले होते.

फुटबॉल परका वाटत असेल तर कबड्डीकडे पाहा. नंदुरबार जिल्ह्याच्या कोणत्याही गावात कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावाला आठवत आला तो चढाई करणारा. डाव्या कोपऱ्यात उभं राहून घोटा धरणाऱ्याचं नाव मैदानाबाहेर जात नसे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, हंगामभर प्रत्येक पकडीचा हिशेब पडद्यावर येऊ लागला आणि चित्र पालटलं. कल्याणच्या बाजूचा गिरीश एर्नाक कोपऱ्यातल्या पकडींसाठी घराघरात ओळखला जाऊ लागला. २०१८ च्या लिलावात या लीगमध्ये पहिल्यांदा कोणाला एक कोटीची बोली लागली असेल तर ती इराणच्या फझल अत्राचलीला, यू मुंबाकडून. तो बचावपटू आहे. खेळ तोच, घोटा तोच, बदललं ते वेळापत्रक.

नंदुरबार जिल्ह्यात आज फुटबॉल कसा पोचतो? मुख्यतः सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय फेऱ्यांतून. तालुका, मग जिल्हा, मग विभाग. हरला की संपलं. तालुक्यालाच हरलेल्या शाळेचा वर्षभराचा फुटबॉल एका दुपारचा असतो, आणि हरणाऱ्या शाळा अर्थातच जास्त असतात. १५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबवलं, दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून. मुलं मजेत खेळली, त्यात वाईट काहीच नाही. पण एका दिवसाच्या उत्सवातून मागची फळी कशी निघणार? शिवाय या जिल्ह्याची एक अडचण मुंबईत बसून दिसत नाही. दिवाळी झाली की हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात. हिवाळ्यात आखलेली कोणतीही साखळी इथे मध्येच तुटणार. गावं भरलेली असतात ती आषाढापासून दिवाळीपर्यंत. तेव्हा चिखल असतो, पण मुंबईकरांनी आणि गोंयकारांनी चिखलात फुटबॉल खेळून दाखवलेला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव. प्रत्येकाचा सतरा वर्षांखालचा एक संघ धरला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचं ठरवलं, तर एका संघाला दहा सामने मिळतात, सगळे मिळून तीस. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतच्या रविवारांत ते बसतात. त्याच्याखाली रनाळे आणि आसपासच्या गावांनी आपापसात असंच केलं तर तालुक्याचा संघ निवडायला माणसं मिळतात. गावोगाव वाढदिवसांना आणि जयंत्यांना जे एकदिवसीय चषक होतात, त्यांच्या बक्षिसांवर आणि मंडपावर होणारा खर्च इकडे वळवता येईल. जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांनी, आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि चषक भरवणाऱ्या मंडळांनी पुढच्या पावसाळ्याआधी एकदा एकत्र बसून हे वेळापत्रक लिहावं, आणि पहिल्या हंगामाचा निकाल काहीही लागला तरी ते निदान आठ वर्षं मोडू नये.